घंटेला रुमाल बांधा

ताई, नमस्कार.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, मिळून १९ मुलं. यंदा तिसरीत आलेला एक मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तो कान दाबून बाकाखाली शिरतो. हात फडफडवतो. विचारलं तर उत्तर देत नाही, माझ्याकडे बघतही नाही. पण फेरीबोटीचा विषय निघाला की थांबता थांबत नाही. गेल्या महिन्यात त्याने एका मुलीला ढकललं, तिच्या कपाळाला लागलं. तिचे आईवडील म्हणतात, त्याच्यापायी आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो. मुख्याध्यापक म्हणतात, त्याला स्पेशल शाळेत घालायला सांगा. त्याची आई माझ्यापुढे हात जोडून उभी राहते. मी डी.एड. केलं तेव्हा यातलं काही शिकवलं नव्हतं. त्याला शिस्त लावू की त्याच्या मनासारखं सोडून देऊ? जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात त्याला घ्यावं का? रात्र रात्र झोप लागत नाही.

— एक शिक्षिका

बाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि एका ओळीखाली रेघ मारली: 'मधल्या सुट्टीची घंटा झाली की.' आपल्याला यातलं काही येत नाही असं तुम्ही म्हणता, पण कारण काय आणि त्याचं पुढे काय होतं, हे तुम्हीच एका वाक्यात लिहून पाठवलंय. इतकं नेमकं बघणारी बाई त्या मुलाला लाभली आहे, हे आधी सांगते. मग पुढचं.

सुरुवात घंटेपासूनच करा. आपल्या शाळांतून ती बहुधा व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीला लागूनच टांगलेली असते, आणि वाजवणारा मुलगा हौसेने, अंगातली सगळी ताकद लावून वाजवतो. ज्या दांड्याने ती वाजवतात त्याला जाड रुमाल गुंडाळून घट्ट बांधा. जमलं तर घंटाच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवा. आणि घंटेच्या पाच मिनिटं आधी त्याच्या बाकावर घंटेचं चित्र काढलेलं पुठ्ठ्याचं कार्ड ठेवा, काही न बोलता. पंधरा दिवसांनी त्याला विचारून बघा, घंटा तू वाजवशील का? आपल्या हाताने केलेला आवाज अचानक अंगावर येत नाही, म्हणून काही मुलांना ते आवडतं. नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

शिस्त लावू की सोडून देऊ, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींत बघायचं त्या मुलाकडेच, आणि ती खोली तशीच राहते. मी तुम्हाला खोलीकडे बघायला सांगणार आहे. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार ओळी लिहा. तो उठला, ओरडला, बाकाखाली गेला, तर किती वाजले होते, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडलं, कोण जवळ होतं, कसला आवाज किंवा वास होता, आणि पुढे तो कशाने शांत झाला. 'हट्टीपणा केला', 'ऐकलं नाही' असे शब्द त्या वहीत येऊ देऊ नका. फक्त जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच.

आणि एक दिवस शाळा चालू असताना त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी, अर्धा तास बसा. मुलांना काहीतरी लिहायला देऊन बसा. मी एकदा बसले होते. वीस वर्षं त्या वर्गात शिकवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मागच्या पंख्याची पाती दर फेरीला टक् करतात. तुमच्या खोलीत तर तिसरीला लिहायला दिलं की चौथी पाढे म्हणत असणार. शेजारच्या शेडमध्ये मध्यान्ह आहाराची भाजी आली की तिचा वास आणि डब्यांचा खडखडाट. पावसात पत्र्यावरचा मारा. ओले रेनकोट खिडकीला टांगलेले, त्यांचा कुबट वास. रस्त्यावरून ट्रक गेला की थरथरणारी तावदानं. तुमचं-माझं डोकं यातलं नको ते आपोआप मागे सारतं. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना ते तसं मागे सारता येत नाही. सगळं सारख्याच जोराने आत येतं. निदानासाठी डॉक्टर जी अमेरिकन नियमावली वापरतात, तिच्यात २०१३ पासून आवाज, स्पर्श, उजेड, वास यांबद्दलची अशी अतिसंवेदनशीलता किंवा उलट बधिरता हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून धरलंय. त्या आधी कितीतरी वर्षं ऑटिस्टिक माणसं स्वतः हेच सांगत होती.

आपला मराठी शब्द इथे आपल्याला चकवतो, असं मला वाटतं. 'स्वमग्न' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते स्वतःतच बुडालेलं, बाहेरचं काही न जाणवणारं मूल. तुमचा मुलगा घंटेने, पाढ्यांनी, वासांनी चहूकडून वेढलेला आहे. तो बाकाखाली जातो कारण बाहेरचं त्याला फार जाणवतं. म्हणून मी 'ऑटिस्टिक' म्हणते. मोठी झालेली पुष्कळ ऑटिस्टिक माणसंही स्वतःला तोच शब्द लावतात. मुलाच्या घरचे कुठला शब्द वापरतात ते त्यांना विचारा आणि वर्गात तोच ठेवा.

तर खोलीत काय बदलता येईल? भिंतीकडची जागा त्याला द्या, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही. पंखा दुरुस्त करून घ्या. बाकांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवा, फरशीवर घासल्याचा आवाज कमी होईल. चौथीचे पाढे दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी, आणि तेव्हा तिसरी व्हरांड्यात. खोलीचा एक कोपरा कपाट आडवं लावून शांत करा, तिथे एक चटई टाका आणि एकोणीसही मुलांना सांगा की ज्याला डोकं गच्च झाल्यासारखं वाटेल त्याने इथे येऊन पाच मिनिटं बसावं, विचारायची गरज नाही. तो कोपरा शिक्षेचा कधीही करू नका. एकदा जरी कोणाला रागाने तिथे पाठवलंत, तरी मुलं तिथे पुन्हा आपणहून जाणार नाहीत.

दिवसभराचं वेळापत्रक चित्रांच्या पट्टीत लावा: प्रार्थना, मराठी, गणित, आहार, खेळ, घर. झालेलं चित्र उलटं करत जायचं. त्यात बदल होणार असेल, म्हणजे भागशिक्षणाधिकारी येणार आहेत, डॉक्टर तपासायला येणार आहेत, तर आदल्या दिवशीच ते चित्र बदलून त्याला दाखवा. आपल्या शाळांत हा बदल बहुतेक वेळा ऐनवेळी होतो, आणि आपणही वैतागतो. तो वैतागला की मात्र आपण त्याला हट्ट म्हणतो.

आता डोळ्यांबद्दल, कारण इथे मी स्वतः चुकलेली आहे आणि ते मला सांगायचंच आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, गप्प, नजर कायम खिडकीबाहेर. मी तिची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवायची. 'माझ्याकडे बघ, मग सांगते.' वर्षभर केलं ते. तेव्हा तिच्याबद्दल कुणी काही निदान केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी मी वेगळी वागले असते असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. पंधराएक वर्षांनी ती भेटली, नोकरी करणारी, स्वतःबद्दल सगळं समजून घेतलेली. मला म्हणाली, 'बाई, तुमच्या डोळ्यांकडे बघितलं की तुमचं बोलणं मला ऐकू येणं बंद व्हायचं. खिडकीकडे बघायचे तेव्हा सगळं ऐकू यायचं.' त्या वर्षी ती किती कमी शिकली असेल, हा हिशेब मी अजून करते. तुम्ही त्याच्या नजरेच्या मागे लागू नका. तो खिडकीकडे बघत असेल तर ऐकतोय असं धरून शिकवत राहा.

तेच हात फडफडवण्याचं. त्याने तो स्वतःला सावरतो, कधी आनंदही दाखवतो. 'हात खाली' म्हटलं तर तो हात खाली ठेवेल, पण मग त्याचं सगळं लक्ष हात खाली ठेवण्यातच जाईल आणि गुणाकार राहून जाईल. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत नसेल तर फडफडू द्या. हात शांत, नजर समोर, मांडी घट्ट अशी तालीम देणारे वर्ग आणि तसं शिकवणारे लोक तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. मूल वरून इतरांसारखं दिसायला लागतं आणि आत थकून जातं. अशी मुलं घरी गेल्यावर दोन तास रडतात, हे सांगणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

बोलण्यावर थोडं जास्त थांबते. 'विचारलं तर उत्तर देत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. विचारल्यावर तुम्ही किती थांबता? आपण शिक्षक दोन सेकंद थांबतो आणि प्रश्न पुन्हा, थोड्या वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याच्यासाठी तो दुसरा नवा प्रश्न होतो आणि पहिल्याची जुळवाजुळव मोडते. एकदाच विचारा, थोडक्या शब्दांत, आणि मनात दहापर्यंत मोजा. तुम्हाला ते दहा आकडे फार लांब वाटतील. मोजाच.

दुसरं म्हणजे भाषा. त्याच्या घरी कोकणी असणार. शाळेत मराठी. मोबाइलवर इंग्रजी नाहीतर हिंदी. अशा मुलांच्या पालकांना गोव्यात सर्रास सांगितलं जातं की याच्याशी एकच भाषा बोला, तीही इंग्रजी बोललात तर बरं. मग ज्या आईला इंग्रजी येत नाही ती मुलाशी बोलायचीच कमी होते. आजी तर गप्पच बसते. दोन-तीन भाषांत वाढल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. तेव्हा त्या आईला स्पष्ट सांगा: घरी कोकणीच बोला, भरपूर बोला, आजीला गोष्टी सांगू द्या. आणि वर्गात तुम्ही त्याचं कोकणी स्वीकारा. 'उदक' म्हणाला तर पाण्याची बाटली द्या, 'पाणी म्हण' म्हणून अडवू नका. तो कार्टूनमधलं किंवा जाहिरातीतलं एखादं वाक्य जसंच्या तसं पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर तेही ऐका. पुष्कळदा त्या वाक्यात त्याला काहीतरी सांगायचं असतं. एक मुलगा भूक लागली की बसच्या कंडक्टरसारखा 'म्हापसा, म्हापसा' म्हणायचा. म्हापशाच्या स्टँडवर त्याला रोज बन मिळायचा. हे त्याच्या आजोबांनी सांगेपर्यंत आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

आणि दोन कार्डं आजच करा. एकावर 'जाय', एकावर 'नाका'. हवं आणि नको. शब्द अडकतात तेव्हा तो कार्ड पुढे करेल. मात्र 'नाका' दाखवलं आणि तुम्ही तरीही ते करायलाच लावलंत, तर ते कार्ड तो पुन्हा उचलणार नाही आणि पुढचं 'नको' हाताने सांगेल. कार्डं वापरली तर मूल बोलायचं थांबेल, अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही. सांगण्याचा कोणताही मार्ग सापडला की मुलाचा जीव शांत होतो, आणि पुष्कळ मुलांचं बोलणंही त्याने वाढतं.

आता ढकलण्याची गोष्ट. त्या मुलीला लागलं, ते लहान समजू नका. तिला जवळ घ्या, तिच्या आईवडिलांना स्वतः जाऊन भेटा. त्याच वेळी वहीत लिहा की त्याआधी काय झालं होतं. रांगेत मागून धक्का? गोंधळ? तिने त्याचं काही उचललं? माझा अंदाज रांगेवर आहे, कारण रांग म्हणजे अंगाला अंग. त्याला रांगेत सर्वांत पुढे किंवा सर्वांत मागे उभं करा. आणि तो उसळलाच, तर त्या वेळी समजावू नका, कारण तेव्हा शब्द आत जात नाहीत. इतर मुलांना बाजूला घ्या, आवाज कमी करा, त्याला धरू नका, थोड्या अंतरावर बसून राहा, जवळ पाणी ठेवा. शांत झाल्यावरही लगेच जाब विचारू नका. शिक्षेचा विचार कोणी सुचवला तर एवढं लक्षात असू द्या की शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती सगळ्याच मुलांसाठी आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला भीती वाटते म्हणून विचारते. शाळेच्या फाटकाला कडी आहे का? आवारात विहीर आहे का, तिला कठडा आणि जाळी आहे का? पुष्कळ ऑटिस्टिक मुलं नको त्या जागेतून निसटून जातात, आणि पाण्याची ओढ अनेकांना असते. फेरीबोटीवर जीव असलेला मुलगा नदीच्या दिशेने निघाला तर नवल नाही. तुमच्या भागात नदी, व्हाळ, मंदिरांच्या तळ्या सगळंच जवळ. फाटकाची कडी मुलांच्या हाताच्या वर बसवून घ्या, आवारातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आणि त्याच्या आईला म्हणा, त्याला पोहायला शिकवा. हे बाकी सगळ्याच्या आधी करा.

फेरीबोट आली आहेच तर तिच्यावर मनसोक्त लिहिते. तो विषय निघाला की थांबत नाही, हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय. मला ते वाचून आनंद झाला. नार्वे–दिवाडी फेरी तुमच्याच तालुक्यातून सुटते. रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ मध्ये नव्या रो-रो बोटी आल्या. जुनी बोट आणि नवी बोट यांत काय फरक, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मग गणित तिथूनच घ्या. एका खेपेला १२ स्कूटर आणि ४ गाड्या, तर ५ खेपांना किती? भूगोल तिथूनच: मांडवी कुठून येते, तिच्यातली बेटं कुठली, कुठल्या गावाला पूल आहे आणि कुठल्या नाही. मराठीत चार ओळी लिहायच्या तर धक्क्यावर काय काय दिसतं ते. परिसर अभ्यासात भरती-ओहोटी. आणि एक दिवस एकोणीस मुलांना घेऊन फेरीवर जा, त्याला पुढे घालून. एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडून जाणं ही या मुलांची विचार करण्याची पद्धतच असते, आणि त्यातून ती खोल शिकतात. 'आधी अभ्यास पुरा कर, मग बोट' असा सौदा करू नका. बोटीतूनच अभ्यास होऊ द्या.

डेमियन मिल्टन नावाच्या एका ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये एक विचार मांडला, तो मला फार उपयोगी पडला. आपण म्हणतो, ऑटिस्टिक माणसांना इतरांचं मन कळत नाही. तो म्हणाला, इतरांना तरी ऑटिस्टिक माणसांचं कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडचं आहे. मग सगळं समजून घ्यायचं ओझं एका आठ वर्षांच्या मुलावर का टाकायचं? तुमच्या-माझ्या गोव्यातही यासारखंच काही झालंय. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या इथल्या 'संगाथ' संस्थेने पाकिस्तानात रावळपिंडीतल्या संशोधकांसोबत एक अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं होती. डॉक्टरांऐवजी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पालकांना शिकवायला जायच्या, की मूल काय करतंय ते आधी बघा आणि त्याला धरून प्रतिसाद द्या. पालक तसं करू लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. आधी मोठी माणसं बदलली, हे मी मुद्दाम सांगते आहे.

मुख्याध्यापकांशी बोलताना वाद घालू नका, पण कायदा माहीत असू द्या. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो, त्यात ऑटिझम आहे. १६वं कलम शाळांना सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करा. ३१वं कलम म्हणतं की ठरावीक प्रमाणाहून, म्हणजे प्रमाणपत्रात ४० टक्क्यांहून कमी नसलेली दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि त्याच्या घरच्यांची, शाळेची नव्हे. विशेष शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही मुलांना त्या खरोखर मानवतात, आणि तिथे जीव ओतून काम करणारी माणसं मला माहीत आहेत. पण 'आम्हाला जमत नाही' हे कुणाला तिथे पाठवण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि सोयी सुरू करायला प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. रुमालाला कुठला दाखला लागतो?

आता तुमच्याबद्दल, कारण पत्राची शेवटची ओळ झोपेची आहे. हे सगळं एकटीने करायचं नाही. समग्र शिक्षा अभियानाच्या तालुका साधन केंद्राला लेखी पत्र द्या, तोंडी नको: माझ्या वर्गात एक ऑटिस्टिक विद्यार्थी आहे, विशेष शिक्षकाच्या नियमित भेटी हव्यात, आणि मला प्रशिक्षण हवं. तारीख घाला, पोच घ्या, प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दर १० मुलांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. तुम्ही दयेची भीक मागत नाही आहात, तुमच्या कामाला लागणारं साहित्य मागता आहात. जसा खडू. विशेष शिक्षक आले की मुलाला वर्गाबाहेर नेऊन वेगळं शिकवू देऊ नका. त्यांना तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारी बसवा आणि खोलीत काय बदलू ते विचारा. तालुक्यातून उत्तर आलंच नाही तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांचं कार्यालय आहे. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हापासून आपल्या राज्यात या विषयावर व्यासपीठावरून पुष्कळ चांगलं बोललं जातं, आणि मला त्याचा आनंदच आहे. ते बोलणं डिचोलीतल्या एका खोलीच्या पंख्यापर्यंत पोचवायचं काम मात्र तुमच्या अर्जाचं.

अशी मुलं फक्त तुमच्याच शाळेत आहेत असंही नाही. देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवा होता. तिथून दिसलं ते हेच, की ऑटिझम, ऐकण्या-बोलण्याच्या आणि शिकण्याच्या अडचणी असलेली मुलं गावोगाव आहेत. तुमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळांमध्ये विचारा. अशी एखादी बाई नक्की सापडेल जी हेच सगळं गपचूप सोसते आहे. दोघी महिन्यातून एकदा वह्या घेऊन बसा. माझ्या अनुभवात त्याचा उपयोग दिवसभराच्या एखाद्या व्याख्यानापेक्षा जास्त होतो.

त्या आईला हात जोडायला लावू नका. तिला शाळेतून आजवर फक्त तक्रारीच मिळाल्या असतील. रोज एक ओळ वहीतून पाठवा, आज काय छान झालं त्याची. 'आज त्याने बोटीची बेरीज केली.' महिनाभर पाठवा आणि मग तिला विचारा, घरी तो कशाने शांत होतो? तुमच्या सगळ्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिच्याकडे आहेत, पण तिला कुणी विचारलेलं नसणार.

वर्गातल्या मुलांना सांगायचं असेल तर आईची परवानगी घेऊन सांगा. ऑटिझमचं भाषण नको. 'कुणाला चष्मा लागतो, कुणाला पुढच्या बाकावर बसावं लागतं, त्याला मोठा आवाज दुखतो.' दुखतो हा शब्द मुलांना लगेच समजतो. मग बघा, घंटेचा दांडा हातात घेतलेला मुलगा आपणहून हळू मारेल. दुसऱ्या पालकांना बैठकीत सांगा की रुमाल, शांत कोपरा, चित्रांचं वेळापत्रक, जास्त थांबून विचारणं या गोष्टींनी त्यांचंही मूल शिकेल. ज्याच्या घरी रात्री भांडणं होतात, जो ताप अंगावर काढून येतो, जिला वाचायला वेळ लागतो, तीही मुलं त्या कोपऱ्यात जाऊन बसतील. बाहेरून घाबरलेले दिसणारे पालक पुष्कळदा स्वतःच्या मुलाच्या काळजीत असतात. त्यांचं ऐकून घ्या.

राहिलं स्नेहसंमेलन. त्याला मंचावर उभं करून टाळ्या मिळवू नका, 'बघा, हाही करतो' असं तर मुळीच नको. त्याला विचारा, कार्डांनी विचारा. पडदा ओढायचा, दिवे लावायचे, कार्यक्रमाची पाटी लिहायची, नाटुकल्यासाठी पुठ्ठ्याची फेरीबोट करायची, यातलं त्याला काही 'जाय' असेल. रंगीत तालमीला लाऊडस्पीकर लावतील तेव्हा त्याला लांब बसून आधी ऐकू द्या, आणि निवेदकाला सांगून आवाज उतरवा. कानांवर लावायचे हेडफोन आईकडे असतील तर आणायला सांगा. आणि सगळं ऐकून त्याने 'नाका' कार्ड पुढे केलं, तर त्या संध्याकाळी तो घरच्या कुणाबरोबर नार्व्याच्या धक्क्यावर बसला तरी चालेल. पुठ्ठ्याची बोट मंचावर असेलच, आणि ती कुणी केली ते निवेदकाला नावानिशी सांगू द्या, आईची हरकत नसेल तर.

वही अर्धी भरली की मला लिहा. फाटकाची कडी बसवून झाली का, ते त्याच्या आधी कळवा.

तुमची,
ताई